हैदराबादची कोरडी काडी

चतुर्थीला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याने बरोबर काय आणावे याचे आमच्याकडे ठरलेले संकेत आहेत. २०२० साली त्या सामानात एका कागदाची भर पडली. नाकातोंडात काडी फिरवून घेतलेल्या चाचणीचा तो अहवाल होता. तो कागद जवळ असेल तर माणसाला माटोळीखाली बसता येई. नसेल तर स्वतःच्याच घराच्या पडवीत किंवा गावातील शाळेत दिवस मोजीत बसावे लागे. ‘आरटी-पीसीआर’ हे उच्चारावयास अवघड नाव त्या दिवसांत मासळीबाजारापासून देवळाच्या सभामंडपापर्यंत सर्वांच्या जिभेवर रुळले. मात्र त्या काडीचे पुढे काय होते, अहवाल एका गावी सहा तासांत आणि दुसऱ्या गावी सहा दिवसांनी का येतो, आणि त्यावर किती विश्वास टाकावा, याचा विचार करण्याची सवड तेव्हा कोणाला नव्हती. आता ती आहे, आणि तो विचार करावयाचा तर नजर हैदराबादकडे वळवावी लागते.

हैदराबाद आम्हां मराठी माणसांना परके शहर नव्हे. १९५६ पर्यंत अवघा मराठवाडा त्याच राज्यात होता. सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार म्हणून तेथेच राहत होते. रोगनिदानाच्या इतिहासात तर या शहराचे स्थान त्याहून जुने आहे. सिकंदराबादेस, बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्यांनी चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा दिला होता. त्या शोधासाठी १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एक माणूस, एक सूक्ष्मदर्शक आणि उकाड्याने घामाघूम झालेला डोळा, एवढीच त्या प्रयोगशाळेची सामग्री होती.

विषाणूच्या बाबतीत मात्र हा डोळा चालत नाही. कोविडचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाएवढा आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने इतकी बारीक वस्तू दिसूच शकत नाही. म्हणून विषाणू आहे की नाही हे पूर्वी आडमार्गाने ठरवावे लागे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पूर्वसूरींनी, नमुने उंदरांना टोचले आणि उंदीर आजारी पडण्याची वाट पाहिली. शास्त्र म्हणून ते काम उच्च कोटीचेच होते. पण उंदीर आजारी पडेपर्यंत खाटेवरच्या माणसाचा निकाल कोणत्या तरी बाजूने लागून गेलेला असे. रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासण्याची दुसरी वाट होती व आहे. परंतु प्रतिपिंडे तयार व्हावयास शरीराला काही दिवस लागतात, आणि नेमके तेच पहिले दिवस मोलाचे असतात.

रेण्वीय चाचणीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. तिने विषाणू पाहण्याचा नाद सोडला आणि त्याच्या अंगावरील लेख वाचावयास घेतला. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याच्या घडणीचा एक मजकूर असतो. कोविडच्या विषाणूत तो आरएनए या द्रव्यात लिहिलेला असून त्याची लांबी सुमारे तीस हजार अक्षरांची आहे. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी हा मजकूर जगापुढे ठेवला आणि त्याच महिन्यात बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी त्याच्या आधारे चाचणीची कृती तयार केली. विषाणूचे दर्शन न घेता, केवळ त्याची पोथी वाचून, त्याला ओळखण्याची सोय झाली.

कृती अशी. काडीवरून आलेल्या द्रवातून प्रथम आरएनए वेगळा काढावयाचा. विषाणूचे चरबीचे कवच रसायनांनी फोडून, आतील आरएनए सूक्ष्म गाळणीवर किंवा चुंबकीय कणांवर धरून, धुऊन स्वच्छ करावा लागतो. आरएनए मोठा नाजूक. जुन्या पोथीचे पान हाती धरताच भुगा व्हावे तशी त्याची अवस्था असते. आपल्या बोटांवरची विकरे, म्हणजे एन्झाइमेदेखील, त्याचा चुरा करतात. म्हणून त्याची नक्कल डीएनएच्या टिकाऊ कागदावर उतरवून घेतात. हे नक्कलकाराचे काम करणारे विकर टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, शोधले. ‘आरटी’ ही अक्षरे त्याचीच. पुढचे ‘पीसीआर’ हे कॅरी मुलिस यांच्या १९८३ च्या कल्पनेचे नाव. शोधावयाच्या मजकुराच्या दोन टोकांना नेमके जुळतील असे वीसेक अक्षरांचे दोन तुकडे, म्हणजे प्रायमर, नळीत सोडतात. नळी पंचाण्णव अंशांपर्यंत तापवली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. थंड केली की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. आणि मग दुसरे एक विकर त्यांच्यामधला मजकूर भरून काढते. मजकूर नसेल तर प्रायमर चिकटणार कोठे? असेल तर एकाचे दोन, दोनाचे चार. इतक्या उष्णतेत टिकणारे हे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूपासून मिळाले. राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या कुंडात पाय सोडून बसणाऱ्याला, अशा पाण्यातही काही जगत असेल आणि ते जगाच्या उपयोगी पडेल, असे सहसा सुचत नाही.

दुपटीचा हा हिशेब बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या गोष्टीतला आहे. दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४ होतात आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक. प्रत्येक नव्या नकलेबरोबर नळीत प्रकाशाचा एक कण सुटेल अशी योजना केलेली असते. प्रकाश यंत्राला जाणवण्याइतका वाढला की कितवी फेरी चालू आहे याची नोंद होते. हीच ती ‘सीटी’. विषाणू मुळात पुष्कळ असेल तर वीस फेऱ्यांतच उजेड पडतो; थोडा असेल तर तीस-पस्तीस लागतात. २०२१ च्या लाटेत ही संख्या परीक्षेतील गुणांसारखी दारोदार सांगितली जाऊ लागली. ती गुणपत्रिका नव्हे. काडी घशाला नीट लागली की नाही, ती आजाराच्या कितव्या दिवशी लागली, कोणता संच वापरला, यांवर ती हलते. त्या वर्षी ३५ ची मर्यादा २४ वर आणावी काय, अशी पृच्छा महाराष्ट्र शासनाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे केली होती. परिषदेने ती मान्य केली नाही, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. मर्यादा खाली आणल्याने आकडे खाली आले असते. रोगी कमी झाले नसते.

या चाचणीला सांगता येत नाहीत अशाही गोष्टी आहेत. ती विषाणूचा मजकूर सापडला एवढेच सांगते. तो जिवंत विषाणूचा की बऱ्या झालेल्या माणसाच्या घशात आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या मृत तुकड्यांचा, हे ती सांगत नाही. उलट, खरोखर बाधित असलेल्या माणसाचा अहवाल निर्दोष येण्याचे कारण बहुधा यंत्रात नसून काडी धरणाऱ्या हातात असते. म्हणून नळीत माणसाच्या स्वतःच्या एका जनुकाचीही तपासणी करतात. ते जनुक सापडले नाही तर काडी माणसाला लागलीच नाही असे समजावे. शेजारी नुसत्या पाण्याची एक नळी ठेवतात. तिच्यात प्रकाश दिसला तर प्रयोगशाळाच दूषित झाली असे समजून सगळे पुन्हा करावयाचे. ज्या प्रयोगशाळेत ही दोन पथ्ये पाळली जातात तिच्या अहवालावर आम्ही विश्वास ठेवू, मग तिची इमारत कशीही असो.

आता हैदराबादकडे. हबसीगुड्याजवळच्या रस्त्यावर पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आहे. सीसीएमबी या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. डॉ. पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने ते १९७७ मध्ये सुरू झाले आणि २६ नोव्हेंबर १९८७ रोजी आजची वास्तू राष्ट्राला अर्पण झाली. डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याचे तंत्र डॉ. लालजी सिंग यांनी येथेच आपल्या देशात रुजवले. हे रुग्णालय नव्हे, रक्त-लघवी तपासण्याची जागाही नव्हे. पेशी कशी चालते, आपले पूर्वज कोठून आले, असले प्रश्न घेऊन येथील माणसे चार दशके बसली होती, आणि अशा संस्थांवर सरकारने पैसा का खर्चावा, असे विचारणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. २०२० च्या वसंतात कोविडची चाचणी करण्यास प्रयोगशाळा हव्या झाल्या, तेव्हा डॉ. राकेश मिश्र यांच्या नेतृत्वाखालील या केंद्राने चाचण्या सुरू केल्या आणि इतर प्रयोगशाळांतील लोकांना प्रशिक्षणही दिले. आरएनए हाताळण्याची सवय असलेले हात तेथे आधीपासून तयार होते. असे हात निविदा काढून पंधरा दिवसांत मिळत नाहीत.

त्याच वेळी आमच्या किनाऱ्यावर काय स्थिती होती हे वाचकांना स्मरत असेल. गोव्यात चाचणीची सोय नव्हती. नमुने पुण्याला जात. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात नौदलाच्या डॉर्नियर विमानाने गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचे पथक प्रशिक्षणासाठी पुण्याला नेले, त्याच खेपेत नमुनेही गेले, आणि त्यानंतर बांबोळीची प्रयोगशाळा सुरू झाली. सिंधुदुर्ग व रत्नागिरीचे नमुने आरंभी घाट चढून मिरजेस जात. नौदलाचे आणि त्या डॉक्टरांचे आम्ही मनःपूर्वक कौतुक केले होते व आजही करतो. परंतु एका राज्याच्या आजाऱ्यांचे निदान विमानाच्या खेपेवर अवलंबून असावे, ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हती.

हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जो प्रश्न हाती घेतला तो या खेपेचाच होता. रूढ पद्धतीत काडी गुलाबी रंगाच्या द्रवात बुडवून, तिहेरी वेष्टनात, बर्फावर ठेवून पाठवावी लागते. द्रव सांडतो, बर्फ वितळतो. प्रयोगशाळेत पोचल्यावर आरएनए वेगळा काढण्यात निम्मा वेळ जातो. त्यासाठी लागणारे संच महाग, आणि त्या काळात बव्हंशी परदेशी. काडीवर मुळात जे थोडेसे आले असते तेही त्या काही मिलिलिटर द्रवात पातळ होते. या केंद्रातील संशोधकांनी विचारले, द्रव हवाच कशाला? काडी कोरडीच रिकाम्या नळीत टाकावी. प्रयोगशाळेत तिच्यावर साधे, कोठेही मिळणारे क्षारद्रावण अगदी थोडे घालावे, आणि ते अठ्ठ्याण्णव अंशांवर सहा मिनिटे तापवावे. उष्णतेने विषाणूचे कवच फुटते, तो मरतो, त्याचा मजकूर मोकळा होतो. मग तो सरळ यंत्रात घालावा. आरएनए वेगळा काढण्याची सगळी पायरीच गळाली.

उकडलेल्या द्रवात आरएनए रूढ पद्धतीइतका स्वच्छ असत नाही हे खरे, आणि विषाणू अत्यल्प असेल तेव्हा त्याचा परिणाम होऊ शकतो. पण पातळ न केल्याने जे वाचते ते या उणिवेची बरीच भरपाई करते. निरनिराळ्या संस्थांत जुन्या पद्धतीशी ताडून पाहिल्यावर वैद्यकीय संशोधन परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये या पद्धतीस मान्यता दिली. नवी यंत्रे न घेता, आहे त्याच माणसांकडून, चाचण्या दुप्पट-तिप्पट करता येतील असे केंद्राचे म्हणणे होते.

मान्यता आली तेव्हा सप्टेंबरचा कळस उलटून गेला होता. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, जेव्हा गावोगाव नमुन्यांचे ढीग पडले आणि अहवालांना दिवसांमागून दिवस लागले, तेव्हाही बहुतेक प्रयोगशाळा जुन्याच वाटेने चालल्या होत्या. खरेदी झालेले संच, ठरलेले ठेकेदार, छापलेली कार्यपद्धती आणि ‘वरून लेखी आले आहे काय’ हा प्रश्न, यांच्यापुढे कोरड्या काडीचे चालले नाही. मे २०२१ मध्ये नागपूरच्या नीरी संस्थेतील डॉ. कृष्णा खैरनार यांच्या पथकाने आणखी सोपी वाट दाखवली. मिठाच्या पाण्याची पंधरा सेकंद गुळणी करून नळीत थुंकावयाची. काडी नाही, ती धरणारा हातही नाही. त्याच्याही आधी, मार्च २०२० मध्ये, पुण्याच्या मायलॅब कंपनीत मिनल दाखवे-भोसले यांनी पहिल्या देशी चाचणी संचाचे काम, स्वतःचे बाळंतपण तोंडावर आलेले असताना, सहा आठवड्यांत पुरे केले होते. आमच्याकडे कल्पकतेचा तुटवडा नव्हता. तिला वाट करून देणाऱ्या कचेऱ्यांचा होता.

हैदराबादच्या आणखी एका कामाचा उल्लेख करावयास हवा, जरी तो करताना सोवळ्यातील वाचक नाक मुरडतील. बाधित माणसाच्या शौचावाटेही विषाणूचे तुकडे पडत असतात. सीसीएमबी आणि तेथल्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतील पाणी तपासले आणि ऑगस्ट २०२० मध्ये अंदाज वर्तवला, की मागच्या पस्तीस दिवसांच्या अवधीत हैदराबादेतील सुमारे साडेसहा लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या सहा टक्क्यांच्या आसपास, लागण झालेली असावी. बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. एकाही नाकात काडी न घालता अवघ्या शहराची नाडी पाहिली गेली.

कोविड ओसरल्यावर हे सारे उगाळण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण आमच्याच रानात आहे. क्यासनूरचा तो माकडताप सह्याद्रीच्या कडेने वर सरकत २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावी आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात पोचला. गोचिडीच्या चाव्याने तो होतो. डिसेंबरपासून मेपर्यंत त्याचा मोसम, आणि नेमका तोच काजूचा. बोंडू वेचावयास वाकणारी बाई, बागेची साफसफाई करणारा मजूर, पातेरा गोळा करणारी म्हातारी, ही त्याची गिऱ्हाइके. ज्यांना तो होतो त्यांतील शंभरात तीन ते पाच दगावतात.

त्यावर खास औषध नाही, मग चाचणी कशाला, हा युक्तिवाद आम्ही शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. तो फसवा आहे. तापाने फणफणलेला, अंग मोडून आलेला, डोळे तांबारलेला माणूस वाळपईच्या किंवा दोडामार्गच्या दवाखान्यात येतो तेव्हा त्याला माकडताप असेल, डेंग्यू असेल, लेप्टो असेल किंवा स्क्रब टायफस असेल. शेवटच्या दोन्हींवर स्वस्त, साधी प्रतिजैविके आहेत आणि ती वेळेवर दिली तर माणूस उठून बसतो. माकडताप निश्चित झाला तर रक्तस्रावावर डोळा ठेवून रोग्याला वेळीच मोठ्या रुग्णालयात हलवता येते. आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाड्यावरच्या इतरांना त्याच दिवशी सांगता येते, की त्या बाजूच्या रानात आता जाऊ नका. हे आठवड्यानंतर सांगण्यात अर्थ नाही. तोवर बोंडू वेचून झालेले असतात. पहिल्या दिवसांत हे सांगू शकते ती आरटी-पीसीआर. प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर कामास येते.

माकडतापाची तपासणी रक्तावर होते, नाकातल्या काडीवर नव्हे. तेव्हा हैदराबादची पद्धत जशीच्या तशी उचलून येथे चालणार नाही. पायऱ्या कमी करून चाचणी रोग्याच्या जवळ आणण्याची त्यांची दृष्टी मात्र उचलता येते, आणि त्यासाठी लागणारे साधन शोधावयास आम्हांला गोव्याबाहेर जाण्याचे कारण नाही. वेर्णा येथील मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे पेटीएवढे, विद्युतघटावर चालणारे पीसीआर यंत्र क्षयरोगासाठी जगभर नावाजले गेले आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. कोविडच्या दिवसांत गोव्याने ते वापरलेही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चाचणी तयार करून पारखली आहे. तिला वातानुकूलित दालन लागत नाही. लागतो तो पथ्ये सांभाळणारा, नमुना सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतलेला एक तंत्रज्ञ, चकत्यांचा अखंड पुरवठा आणि त्यांच्या खर्चाची अंदाजपत्रकात एक ओळ.

वाळपई आणि दोडामार्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. गोचिडीला ती ठाऊक नाही. दोडामार्गचा रोगी आजही म्हापसा-बांबोळीची वाट धरतो आणि ती त्याला जवळची पडते. तेव्हा दोन्ही आरोग्य खात्यांनी दर वर्षी नोव्हेंबरात एकत्र बसावे, मेलेल्या माकडांची व तापाच्या रोग्यांची एकच नोंदवही ठेवावी, आणि दोन्ही ठिकाणची यंत्रे, चकत्या व माणसे त्या महिन्याच्या अखेरीस जागेवर आहेत हे जाहीर करावे. काजूला मोहोर धरतो तो त्यानंतर, आणि माणसे रानात शिरतात ती त्याच्याही नंतर.